कुन्झेसचा नकार

कुन्झेस आता नाही, म्हणून सांगते. ती असती तर मी या गोष्टीतलं अक्षर तोंडातून काढलं नसतं. काढलं असतं तर तिनं माझ्या घरात पुन्हा पाऊल टाकलं नसतं, आणि हिवाळ्यात आमच्या दोघींना एकमेकींशिवाय जायला दुसरं घर नव्हतं.

लडाखमधल्या आमच्या झांस्करात पहिल्यांदा विचारल्यावर 'हो' म्हणणारे दोनच, एक दूधपितं पोर आणि दुसरा डोंगर चढायला आलेला गोरा पाहुणा. बाकी माणूस कितीही भुकेला असो, आधी नाही म्हणतो. चहा पुढे आला की पेल्यावर हात ठेवायचा. पुन्हा आला की पेला गोंच्याच्या, अंगातल्या लोकरी झग्याच्या, खोळीत लपवायचा. यजमानानं तो ओढून काढायचा, पाहुण्यानं त्याचा हात धरायचा, दोघांनी मिळून अर्धा चहा सतरंजीवर सांडायचा आणि मग उरलेला प्यायचा. बसायचंही तसंच. आधी दाराशी टेकायचं आणि कोणी दंडाला धरून वर नेईपर्यंत हलायचं नाही. ज्याला एकदाच विचारलं, त्याला विचारलंच नाही असं आम्ही समजतो.

कुन्झेस यात गावात पहिली. एका लग्नात तिनं पेल्यावरचा हात इतका वेळ उचलला नाही की वाढणाऱ्यानं वैतागून हातावरच चहा ओतला. तिनं हात गोंच्याला पुसला आणि म्हणाली, "आता सांडलाच आहेस तर थोडा आतही घाल." अजून लग्नांत हे सांगून लोक हसतात.

ती माझ्यापेक्षा मोठी, म्हणून मी तिला आचे म्हणायची, थोरली बहीण. रक्ताचं नातं नाही. पण आमची दोन्ही घरं एकाच देवाची, तिच्या घरात कोणी मेलं तर चिता रचायची ती माझ्या नवऱ्यानं, तुंडुपनं, आणि आमच्याकडे मेलं तर त्यांच्याकडच्यांनी. त्यांच्याकडचं कोणी उरलं नव्हतं. नवरा गेला होता. एकुलता मुलगा नवांग शिकायला म्हणून जम्मूला गेला, सरकारी नोकरीत लागला, तिकडचीच बायको केली आणि चंदीगडला घर बांधून बसला. आधी दर उन्हाळ्यात यायचा. मग त्याच्या हृदयाचं दुखणं निघालं, आणि डॉक्टरांनी एवढ्या उंचीवर जायचं नाही म्हणून सांगितलं. आता आईला भेटायचं तर आईनंच खाली उतरायचं, असं होऊन बसलं.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याच्या आदल्या हिवाळ्यात कुन्झेस छपरावरून चारा काढताना शिडीवरून पडली. खाली गोठ्यात गाईच्या पायाशी पडून राहिली. सकाळी तुंडुप म्हणाला, "आचेच्या घराला धूर नाही." आम्ही धावलो. गाईच्या उबेनं ती वाचली, नाहीतर त्या थंडीत लाकूड झाली असती. छातीत तेव्हापासून काहीतरी घरघरायला लागलं ते थांबलं नाही. चार पावलं चढली की उभी राहायची आणि डोंगर बघतेय असं सोंग करायची.

पुढच्या उन्हाळ्यात नवांगचा निरोप आला की नात येईल आणि तुला घेऊन जाईल. कुन्झेसनं निरोप ऐकला आणि म्हणाली, "मी कुठली जाते." मी म्हटलं, बरं.

पण मग ती मला एकेक विचारायला लागली. चंदीगडला शेण्या जाळतात की गॅस. तिकडे फिरोजे घातलेल्या बाईकडे लोक बघत राहतात का. तिकडे म्हणे हिवाळ्यात पण झाडाला पानं असतात, ते खरं का. मी कधी पदुमच्या, आमच्या बाजारगावाच्या, पुढे गेले नव्हते, तरी सगळ्याला हो म्हटलं. मग एक दिवस ती गाय दोरीला धरून आमच्याकडे आली. म्हणाली, "तुझ्या गोठ्यात ऊब जास्त आहे. माझी इथं असू दे." मग देवघराची किल्ली आणून दिली. "गुडघा दुखतो गं, रोज पाण्याच्या वाट्या भरवत नाहीत. तू भरशील?" मग नवा गोंचा शिवून घेतला, किरमिजी रंगाचा. या वयात नवा गोंचा. मी काही बोलले नाही, पण तुंडुप म्हणालाच, "आचे, कोणाच्या लग्नाला निघालीस?" ती म्हणाली, "तुझ्या. दुसऱ्या." आम्ही तिघंही खूप हसलो.

तिला जायचं होतं. हे आम्हाला माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. मुलाला बघायचं होतं, आणि पुन्हा गाईच्या पायाशी पडून रात्र काढायची नव्हती. पण ते तोंडानं कोणी म्हणायचं नसतं.

नात आली ती जव कापून झाल्यावर, घाट बंद व्हायच्या थोडं आधी. ओत्सल तिचं नाव. कारगिलहून गाडी करून आली. उंच, चष्मा, आईचा रंग आणि बापाचं नाक. आमची भाषा बोलायची, पण अडखळत, शब्द वेचून. तिला आत घेतलं, मी लोण्याचा चहा पुढे केला, आणि ती म्हणाली, "हो, द्या ना." मी जागच्या जागी थांबले. तिनं पेला दोन्ही हातांनी धरला, प्यायली आणि पुन्हा पुढे केला. कुन्झेस तोंडावर हात घेऊन हसली. म्हणाली, "बघ गं यांगडोल, माझी नात गोरी झाली." पण तिच्या चेहऱ्यावर इतकं कौतुक होतं की मलाही राग धरता आला नाही. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. जी मुलगी पहिल्या झटक्यात हो म्हणते, ती दुसऱ्याचं 'नाही'ही तसंच पहिल्या झटक्यात खरं मानणार.

त्या संध्याकाळी जेवताना ओत्सल आजीला म्हणाली, "आबी-ले, बाबांनी तुमच्यासाठी खोली तयार केली आहे. उन्हाची. चलाल माझ्याबरोबर?"

"छे गं," कुन्झेस म्हणाली, "मी कुठं येते. थुक्पा घे अजून."

ठीक झालं. पहिलं विचारणं म्हणजे दाराची कडी वाजवणं. कोणी लगेच दार उघडत नाही.

दुसऱ्यांदा तिनं खळ्यावर विचारलं. आम्ही जव पाखडत होतो, वारा चांगला होता. ओत्सलनं भुसा डोळ्यांत जाऊ नये म्हणून ओढणी बांधली होती आणि मदत करण्यापेक्षा शिंका जास्त देत होती. ती म्हणाली, "आबी, तिथं मोठं हॉस्पिटल जवळ आहे. तुमची छाती दाखवू. बाबा रोज तुमची आठवण काढतात. या ना."

"आणि गाय कोण बघेल?" कुन्झेस म्हणाली.

गाय आमच्या गोठ्यात उभी होती, माझ्या गवतावर. मी तोंड फिरवून सूप झटकलं. मग ओत्सलला म्हटलं, "अगं विचारतेस काय, उचल आणि गाडीत टाक म्हातारीला. ओरडली तर आम्ही ऐकणार नाही." ती हसली. तिला ती थट्टा वाटली. आमच्याकडे खरं बोलायचं तर थट्टेतच बोलावं लागतं, आणि तिला ते कळायचं काही कारण नव्हतं.

तिसऱ्यांदा विचारलं ते निघायच्या आदल्या दिवशी, चुलीपाशी. मीही होते. या वेळी पोरगी नीट समोर बसली. आजीचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "आबी, मला खरं सांगा. माझ्यासाठी नाही, बाबांसाठी नाही. तुम्हाला स्वतःला यायचं आहे की नाही?"

असं कोणी विचारतं का? आमच्या सात पिढ्यांत कोणी कोणाला असं विचारलं नसेल. भुकेल्या माणसाला, तुला भूक लागली आहे का ते खरं सांग, असं म्हटलं तर तो काय सांगणार? कुन्झेसचे कान लाल झाले. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "या वयात कुठं हिंडू पोरी. माझी माती इथलीच आहे. मला इथंच मरू दे."

काय सुंदर नकार होता. यावर आता एकच करायचं उरतं, दंडाला धरून उठवायचं, बोचकं उचलायचं, शेजारच्या बायकांनी रडायचं, आणि म्हातारीनं नाही नाही म्हणत गाडीत बसायचं. मी तर उठायच्या तयारीत बसले होते. ओत्सलच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं आजीच्या हातांवर कपाळ टेकवलं आणि म्हणाली, "ठीक आहे आबी. मी जबरदस्ती करणार नाही. बाबांना मी समजावते."

मी तोंड उघडलं. कुन्झेसनं माझ्याकडे असं पाहिलं की ते मिटलं. दुसऱ्याच्या पोटातली भूक आपण बाहेर काढून दाखवायची म्हणजे भर बाजारात त्याचा गोंचा फेडण्यासारखं आहे. आणि मला अजून वाटत होतं, सकाळ बाकी आहे. गाडीपाशी शेवटचं विचारतात. खरं विचारणं तेच.

सकाळी ढग घाटाकडे सरकत होते आणि गाडीवाला घाई करत होता. कुन्झेस बाहेर आली ती नवा किरमिजी गोंचा घालून. वेण्या घातलेल्या, गळ्यात फिरोजे, पायांत नवे बूट. दाराआड बोचकं होतं, मी पाहिलं. तुंडुपनंही पाहिलं, आणि तो उचलायला सोपं पडावं म्हणून दाराजवळच उभा राहिला.

ओत्सल तिच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आबी, किती छान दिसताय. माझ्यासाठी तयार झालात? थांबा, फोटो काढू या."

फोटो काढला. मग कुन्झेसनं तिच्या गळ्यात पांढरा खतक, निरोपाचं मानाचं वस्त्र, घातला, तिनं आजीला मिठी मारली, आणि ती गाडीत बसली. कुन्झेसनं गाडीचं दार धरलं. उघड्या दाराला धरून उभी राहिली. एक पाय तिनं थोडा पुढे टाकला होता. ओत्सलला वाटलं, म्हातारीला सोडवत नाही. तिनं आजीची बोटं एकेक करून अलगद सोडवली, त्यांचं चुंबन घेतलं, म्हणाली, "काळजी घ्या, पायऱ्यांवरून सांभाळून," आणि दार लावलं. इतक्या प्रेमानं लावलं की आवाजही झाला नाही.

गाडी वळणाआड गेली. धूळ खाली बसली.

"गेली?" कुन्झेसनं विचारलं.

"गेली," मी म्हटलं.

"तिनं विचारलंच नाही," ती म्हणाली.

मग ती खळ्याच्या भिंतीवर जाऊन बसली, त्या गोंच्यात. मी चहा नेला. पुढे केला, मागे घेतला, पुन्हा केला. तिनं पेल्यावर हात ठेवला नाही, खोळीत लपवलाही नाही. घेतला आणि तसाच धरून बसली. ते बघून मला भीती वाटली. तुंडुपला म्हटलं, "जा, गाठ तिला." तो मोटारसायकलवर पदुमपर्यंत गेला. गाडी तिथं थांबलीच नव्हती. तो पुढेही गेला, पण आभाळ खाली आलं आणि बर्फ सुरू झाला तेव्हा भुवया पांढऱ्या करून परत आला. त्या रात्री जो पडायला लागला तो थांबलाच नाही. घाट त्या वर्षी लवकर बंद झाला. उघडायचा तो थेट पुढल्या उन्हाळ्यात. मध्ये गोठलेल्या नदीवरून चालत जातात, पण ती वाट तरण्या पोरांची. पदुमहून कधी हेलिकॉप्टर उडालंच तर तिथं अडल्यानडलेल्यांची आणि साहेबलोकांची रांग असते, आणि आमच्या गावापासून पदुमची वाटही तेव्हा बर्फात बुडालेली असते.

फोन आमच्याकडे फक्त छोर्तेनच्या, स्तूपाच्या, टेकाडावर लागतो, तोही त्याची मर्जी असेल तेव्हा. मी रोज चढत होते. लागला तेव्हा ओत्सल चंदीगडला पोचली होती. मी नमस्कार-चमत्कार काही केलं नाही. म्हटलं, "म्हातारीला इथं का सोडून गेलीस?"

"आने, त्या नाही म्हणाल्या," ती म्हणाली. मला ती आने म्हणायची, मावशी. "मी परतपरत विचारलं."

"नाही म्हणणारच. चहालासुद्धा नाही म्हणतो आम्ही. तुला ओढून न्यायची होती तिला. बोचकं बांधून दाराआड ठेवलं होतं तिनं."



"बाबा म्हणाले होते, तिला घेऊन ये," ती म्हणाली. "मीच म्हटलं, त्यांना यायचं असेल तर आणीन. कोणी नाही म्हटलं की थांबायचं, असंच मला शिकवलंय आने. म्हाताऱ्या माणसांवर सगळे आपलीच मर्जी लादतात, मी नाही लादणार, असं मी ठरवून आले होते." आणि मग, "त्यांनी दार धरलं होतं. मी त्यांची बोटं सोडवली."

मी तिच्यावर ओरडायला चढले होते, पण ओरडता आलं नाही. कोणावर ओरडणार? पोरगी मनानं चांगली होती. बापानं एवढी वर्षं तिकडे काढली, पण आपली आई कशी नाही म्हणते ते मुलीला सांगायचं त्याला सुचलं नाही. आपल्याला इतकं माहीत असतं की दुसऱ्याला माहीत नसेल हे मनातच येत नाही. आणि कुन्झेस? भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय उगीच? माझाच जीव जळत होता आणि तो राग टाकायला मला जागा सापडत नव्हती.

कुन्झेसला ताप यायला लागला. आम्ही तिला आमच्याच चुलीपाशी आणून निजवलं. या वेळी तिनं नाही म्हटलं, मी दंडाला धरलं, तुंडुपनं अंथरूण उचललं, आणि ती आली. ज्यांना नकार कळतो ती माणसं जवळ होती, पण जायचं होतं ते लांब.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "यांगडोल, मी हो म्हटलं असतं तर काय झालं असतं गं?"

"काही नाही, आचे."

"कोण होतं बघायला? तू आणि तुंडुप. तुम्ही काय मला हसला असता?"

"हसलो असतो," मी म्हटलं. "पण गाडी गेल्यावर."

ती थोडी हसली, मग खोकली. "पोरीनं हात धरले होते माझे," ती म्हणाली. "इतकं सरळ विचारलं तिनं. आणि मी तिला गाणं म्हणून दाखवल्यासारखं बोलले. मला इथंच मरू दे म्हणे. मला कुठं मरायचंय इथं. मला नवांगला बघायचंय."

त्यानंतर जरा उघाड पडली. मी टेकाडावर गेले तर फोन लागला, आणि ओत्सल म्हणाली, "आने, त्यांना वर आणता येईल? मला पुन्हा विचारायचंय."

"घाट बंद आहे बाई. विचारून काय करशील?"

"तरी विचारायचंय. या वेळी मी थांबणार नाही. त्या कितीही वेळा नाही म्हणोत, विचारत राहीन."

तुंडुपनं कुन्झेसला पाठीवर घेतलं. टेकाड काही मोठं नाही, पण बर्फात त्यालाही धाप लागली, आणि पाठीवर ती सारखी म्हणत होती, "उतरव रे, मी चालते," आणि तो म्हणत होता, "गप बस आचे, पोती वाहिलीत याहून जड." वर छोर्तेनला टेकून तिला बसवलं. मी नंबर लावला आणि फोन तिच्या कानाशी धरला. पोरीचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"आबी-ले," ओत्सल म्हणाली. तिनं सगळं पाठ करून ठेवलं असणार, कारण ती भराभर बोलत होती. "आबी-ले, माझ्याकडे चला. मी 'नाही' ऐकणार नाही. तुम्ही चला."

मी कुन्झेसच्या तोंडाकडे बघत होते. इतक्या वर्षांत हिला पहिल्या विचारण्याला मान हलवतानाही मी पाहिलं नव्हतं.

"येते," कुन्झेस म्हणाली.

पोरीनं शंभर नकारांची तयारी केली होती, आणि आता तिच्याजवळ बोलायला काही उरलं नसावं. समोर घाटाची सगळी बाजू पांढरीशुभ्र होती, वाटेची रेघसुद्धा दिसत नव्हती. कुन्झेसनं माझ्या हातातून फोन स्वतःच्या हातात घेतला आणि कानावर घट्ट दाबून धरला.

"येते म्हटलं गं मी," ती म्हणाली. "ऐकलंस ना? येते."